एक बाटली, तीन राज्यं

भाव विचारल्याशिवाय पुढे सरकायचं नाही, हा आमच्या घराण्याचा जुना रोग आहे. आजी मंडईत एका गाळ्यावर मेथीचा भाव विचारायची, मग दुसऱ्या गाळ्यावर, मग तिसऱ्यावर, आणि शेवटी पहिल्याकडे परत येऊन "तो तर दहाला दोन जुड्या देतोय" असं त्यालाच ऐकवायची. हा रोग माझ्यात पुरता उतरलाय. फक्त मेथीच्या जागी आता वाईन आलीये. (आई, दचकू नकोस. महिन्याला दोन बाटल्या, आणि त्यातलीही निम्मी जेवायला आलेली मंडळी संपवतात.)

तर झालं असं, की आमची एक भिशी आहे. पाच जणी. सोन्याची नाही, पैशांची नाही, नुसती जेवणाची. मी राहते पेनसिल्व्हेनियात, फिलाडेल्फियाच्या पश्चिमेला. माझी मावसबहीण राहते डेलावेअर राज्यात, विल्मिंग्टनच्या जरा वर. २०२ नंबरच्या रस्त्याने सरळ खाली गेलं की अर्ध्या-पाऊण तासात तिचं घर. आणि एक मैत्रीण नदीपलीकडे न्यू जर्सीत. म्हणजे तीन घरं, तीन राज्यं, पण अंतर म्हणाल तर पुण्याहून लोणावळ्याला जाऊन येण्याइतकंच. उरलेल्या दोघी इकडच्याच.

भिशीचा वाईनबाबतचा नियम एकच: जिच्याकडे जेवण, तिनेच तिच्या राज्यात बाटली घ्यायची. याला कारण आहे. बाहेरच्या राज्यात घेतलेली दारू पेनसिल्व्हेनियात आणायला इथला कायदा परवानगी देत नाही. सीमेवर कोणी डिकी उघडून बघत नाही हे खरं, आणि लोक सर्रास आणतात हेही खरं. पण आमच्या भिशीत एक वकीलीण आहे, तिच्यासमोर विषय नको. :-)

आम्ही बहुतेक वेळा एकच बाटली घेतो. कॅलिफोर्नियातल्या मॉन्टरे भागातली एक शार्डोने. कोथिंबीर वडीबरोबरही चालते आणि तळलेल्या सुरमईबरोबरही, आणि पाचांपैकी कोणीच तिला नाक मुरडत नाही, एवढी एकच पात्रता. पण त्यामुळे झालं काय, की हीच बाटली, हीच साडेसातशे मिलिलिटरची, याच सालची, आम्ही तीन राज्यांत पुन्हापुन्हा विकत घेत राहिलो. आणि मी ते वहीत लिहून ठेवायला लागले. नवऱ्याला वाटतं हे एक्सेलमध्ये करायला हवं. असो.

२०२४ च्या ऑक्टोबरमधल्या माझ्या नोंदी अशा आहेत. पेनसिल्व्हेनियाच्या सरकारी दुकानात १७.९९ डॉलर, वर ६ टक्के विक्रीकर, हातात बिल १९.०७. जर्सीतल्या एका मोठ्या दुकानात १४.९९, वर तिथला ६.६२५ टक्के कर, बिल १५.९८. डेलावेअरमध्ये १३.९९, आणि तिथे विक्रीकर नावाची गोष्टच नाही, त्यामुळे बिलही १३.९९. एकाच बाटलीत पाच डॉलर आठ सेंटचा फरक! आजी असती तर तिने २०२ नंबरच्या रस्त्यावर घर बांधलं असतं.

आता तुम्ही म्हणाल, पाच डॉलरसाठी एवढं काय. पाच डॉलर सोडा हो, पण हा फरक येतो कुठून हे कळल्याशिवाय मला स्वस्थ बसवेना. दुकानदार लबाड आहे म्हणावं तर आमच्याकडे दुकानदार कोण? खुद्द सरकार.

हे ऐकून भारतातल्या नातेवाइकांना नेहमी धक्का बसतो. अमेरिका, भांडवलशाही, मुक्त बाजारपेठ वगैरे वगैरे, आणि पेनसिल्व्हेनियात वाईनची आणि कडक दारूची दुकानं राज्य सरकारच्या मंडळाची! १९३३ साली अमेरिकेतली दारूबंदी उठली. तेव्हा इथला गव्हर्नर होता गिफर्ड पिंशो, दारूचा कट्टर विरोधक. बंदी उठणार हे दिसत असताना त्याने काय केलं, तर विक्री सगळी सरकारच्याच हातात ठेवणारं मंडळ स्थापन करून घेतलं. विकत घेणं होईल तितकं गैरसोयीचं आणि महाग असावं, हा त्यामागचा उघड हेतू होता. कितीतरी वर्षं या दुकानांत बाटल्या समोर मांडलेल्याच नसायच्या. काउंटरवर जाऊन यादीतून नाव सांगायचं, आतून माणूस आणून देणार. रेशनच्या दुकानासारखं. रविवारी ही दुकानं उघडायला २००३ साल उजाडावं लागलं. आता दुकानं चकचकीत आहेत, पण राज्यात कुठेही जा, भाव एकच. पिट्सबर्गला जा, आमच्या गावात घ्या, एखाद्या डोंगरातल्या खेड्यात घ्या, १७.९९ म्हणजे १७.९९. घासाघीस करायला समोर दुकानदारच नाही, तिथे आजीसारख्या बाईने करायचं काय?

आणि त्या १७.९९ मध्ये एक कर लपलेला आहे, त्याची कथा तर फारच बहारदार आहे. १९३६ च्या मार्चमध्ये जॉन्सटाऊन नावाच्या गावात मोठा पूर आला. (१८८९ चा भयंकर पूर वेगळा, त्यात दोन हजारांवर माणसं गेली होती. हा नंतरचा.) गाव पुन्हा उभं करायला पैसा हवा म्हणून दारूवर १० टक्के तात्पुरता कर बसवला. गाव उभं राहिलं. कर मात्र राहिला तो राहिलाच. १९५१ मध्ये तो कायमचा झाला, १९६३ मध्ये १५ टक्के झाला आणि १९६८ मध्ये १८. आजही तो १८ टक्केच आहे, आणि तो पैसा आता राज्याच्या सर्वसाधारण तिजोरीत जातो. पानशेतचा पूर १९६१ चा. समजा त्याच्या नावाने पुण्यात दारूवर कर बसवला असता आणि आजही तो चालू असता, तर पेठांमधून किती पत्रं गेली असती वर्तमानपत्रांना, विचार करा. इथे कोणाला पत्ताच नाही, कारण तो कर बिलावर दिसत नाही. फळीवरच्या किमतीतच मुरलेला असतो आणि वर आणखी ६ टक्के विक्रीकर बसतो. करावर कर.

मी हिशोब केला. १७.९९ मधले २.७४ पुराचे, वर १.०८ विक्रीकराचे. झाले ३.८२. डेलावेअरमध्ये वाईनवर राज्याचा कर गॅलनमागे १.६३ डॉलर, म्हणजे एका बाटलीमागे साधारण ३२ सेंट. तेव्हा पाच डॉलरच्या फरकातले साडेतीन तर इथेच सापडले. बाकीचा दीड डॉलर मंडळाचा ठरलेला नफा आणि पलीकडच्या दुकानांतली चुरस यांच्यात कुठेतरी.

२०१६ पासून आमच्याकडे किराणा सुपरमार्केटमध्येही वाईन मिळते, एका वेळी चार बाटल्यांपर्यंत. तेव्हा मला वाटलं, चला, आता भाव पडणार! पण सुपरमार्केटलाही माल घ्यावा लागतो त्या सरकारी मंडळाकडूनच, १० टक्के सवलतीने. मग तो कमी करून करून किती करणार? आमच्या जवळच्या सुपरमार्केटात हीच बाटली १९.४९ ला होती. दूध आणि वाईन एकाच फेरीत, याची किंमत दीड डॉलर. थंडीत, बर्फ पडत असताना, तीही मी एकदोनदा दिलीये.

जर्सीची गंमत वेगळी. तिथे दुकानं खासगी, पण परवाने मोजके. गावच्या लोकसंख्येवर ठरलेले, आणि एका मालकाला दोनच्या वर नाहीत. त्यामुळे मोठ्या साखळ्यांचं तिथे फार चालत नाही आणि छोटी दुकानं टिकून आहेत. त्यातली कितीतरी आपल्या गुजराती मंडळींची. मैत्रिणीच्या घराजवळ असंच एक दुकान आहे. मालक नवसारीचे, सत्तरीच्या घरातले. त्यांच्याकडे आमची बाटली १६.९९. मी आजीचा वसा घेऊन त्यांना म्हटलं, "काका, हायवेवर तर १४.९९ ला देतात."

काका अजिबात चिडले नाहीत. गल्ल्याखालून एक जाडजूड यादी काढली आणि माझ्यापुढे ठेवली. म्हणाले, "हे बघा बेन. होलसेलरचा भाव सगळ्यांना सारखा. पण पेट्या किती घेता त्यावर सूट. ते पन्नास पेट्या उचलतात. मी तीन उचलतो. मला ही बाटली पडतेच साडेतेराला. त्यांना अकराला पडत असेल." मग थोडं थांबून, "आणि तिकडे तुम्हाला कोणी सांगितलं का, गेल्या महिन्यात ही बाटली किती गरम ट्रकमधून आली? मी परत पाठवली होती एक पेटी." गरम ट्रकचं खरं की खोटं मला माहीत नाही, पण साडेतेराचं खरं वाटलं. त्या दिवशी मी त्यांच्याकडूनच घेतली. हसू नका. आजीसुद्धा शेवटी पहिल्याच गाळ्यावरून घ्यायची.

काकांनी अजून एक गोष्ट शिकवली, ती इथे सांगतेच, कारण भाव बघणाऱ्यांना ती उपयोगी आहे. सगळीकडे मिळणारी, सगळ्यांना नावाने माहीत असलेली बाटली मोठी दुकानं मुद्दाम स्वस्त लावतात. फायदा तिच्यावर नसतोच. तुम्ही ती बघून 'वा, स्वस्त दुकान' म्हणता आणि आत शिरता. मग आत दुकानाची स्वतःची म्हणून आणलेली लेबलं असतात, जी बाहेर कुठेच मिळत नाहीत. दुकानातला गोड बोलणारा पोरगा नेमकी तीच हातात देतो. तिचा भाव तुम्ही कोणाशी ताडून बघणार? दुसऱ्या गाळ्यावर ती मेथीच नाही! तेव्हापासून मी वहीत फक्त तीन राज्यांत मिळणाऱ्या बाटल्याच लिहिते. आणि बाटलीवरचं साल बघते, कारण सरत आलेलं साल काढून टाकायला भाव पाडलेला असतो. आणि पेटीमागे १० टक्के सूट आहे का तेही विचारते.

एवढं सगळं पुराण मी एकदा दिवाळीच्या फोनवर मामाला सांगत होते. मामा, म्हणजे माझा आणि डेलावेअरच्या मावसबहिणीचा सामायिक मामा, नाशिकजवळ दिंडोरी तालुक्यात असतो. द्राक्षं आहेत त्याची. मला वाटलं त्याला गंमत वाटेल, कारण आपल्याकडे असला प्रकार नाही. महाराष्ट्रात बाटलीवर एमआरपी छापलेली, आणि 'फक्त महाराष्ट्रात विक्रीसाठी' हेही छापलेलं. नाशकात घ्या नाहीतर नागपुरात, छापील भाव तोच. दुकानाची पाटी 'वाईन शॉप' आणि आत वाईन सोडून बाकी सगळं, हा भाग वेगळा.

मामाने शांतपणे ऐकून घेतलं. पूर, गव्हर्नर, नवसारीचे काका, सगळं. मग म्हणाला, "हे सगळं ठीक. पण त्या एकोणीस डॉलरात द्राक्षवाल्याचे किती?"

मी गप्प. वहीत तीन राज्यांचे रकाने होते, कराचे रकाने होते. हा नव्हता.

मामाच्या प्रश्नाला मागचा इतिहास आहे, तो सांगायला हवा. २००१ साली महाराष्ट्राने वाईनचं धोरण आणलं, राज्यातल्या द्राक्षांच्या वाईनला अबकारी माफ केली, आणि पुढच्या काही वर्षांत नाशिक भागात भराभर वाईनरी निघाल्या. मामाने २००६ मध्ये करार करून दोन एकर वाईनची द्राक्षं लावली. एक एकर शिराझ, एक एकर शेनिन. खायच्या द्राक्षांपेक्षा यांचं गणित निराळं. विरळणी नाही, घड बुडवायचे नाहीत, मणी फुगवायचे नाहीत, उलट मणी बारीकच हवा. खर्च कमी, भाव आधी ठरलेला. मग २००८ ची मंदी आली, मुंबईवरचा हल्ला झाला, हॉटेलं ओस पडली, आणि वाईनऱ्यांच्या टाक्या भरून वाहायला लागल्या. २००९ च्या हंगामात त्याच्या वाईनरीने निम्मा माल घेतला आणि निम्मा घेतलाच नाही. वाईनचं द्राक्ष बाजारात खायला म्हणून कोण घेणार? बारीक मणी, आत बी. पुढच्या वर्षी मामाने शिराझचा एकर उपटला. त्या भागात तेव्हा कितीतरी जणांनी उपटले. शेनिन मात्र त्याने ठेवलं, दुसऱ्या एका वाईनरीला देत राहिला. खायच्या द्राक्षाला कधी गारपीट, कधी अवकाळी, कधी व्यापारीच पैसे बुडवून पसार. त्यात हा एक एकर म्हणजे निदान आकडा माहीत असलेला.

जानेवारी २०२२ मध्ये मंत्रिमंडळाने सुपरमार्केटमध्ये वाईन विकायला द्यायचं ठरवलं, तेव्हा मामाला वाटलं होतं की आता मागणी वाढेल. मोठा विरोध झाला आणि तो निर्णय प्रत्यक्षात आलाच नाही. त्यावर माझं मत विचाराल तर विचारू नका, आमच्या घरातच त्यावर दोन तट आहेत आणि दोन्हींकडचे लोक हा ब्लॉग वाचतात.

दिवाळीच्या त्या फोनच्या वेळी मामाचा करार संपत आला होता. डिसेंबरात वाईनरीची माणसं येऊन बसणार होती. तेव्हा त्याचा प्रश्न गप्पांतला नव्हता. "अमेरिकेत शेतकऱ्याला काय भाव देतात ते नीट बघून सांग," म्हणाला. "ऐकीव नको."

बघितलं. आणि मी चकितच झाले. कॅलिफोर्नियाचं शेती खातं दर वर्षी एक अहवाल काढतं. राज्याचे १७ भाग पाडलेत, आणि प्रत्येक भागात, प्रत्येक जातीच्या द्राक्षाला, टनामागे काय भाव मिळाला, सगळं छापलेलं. कोणीही उघडून बघावं. आपल्याकडे बाजार समितीच्या फलकावर कांद्याचा भाव असतो तसं, पण वर्षभराचं, भागवार. नापा भागातल्या कॅबरनेला टनाला ८ हजार डॉलरच्या वर. आमच्या शार्डोनेच्या मॉन्टरे भागात हजार ते दीड हजारांच्या मध्ये. आणि फ्रेस्नोकडच्या उन्हाळी सपाटीवर, जिथून स्वस्त वाईनचा माल येतो, तिथे साडेतीनशेच्या आसपास.

एका टनात साधारण ६० पेट्या, म्हणजे ७२० बाटल्या होतात, असा ढोबळ हिशोब धरतात. मॉन्टरेचे चौदाशे धरले तर बाटलीत द्राक्ष आलं १ डॉलर ९४ सेंटचं. १९.०७ च्या बाटलीत द्राक्षवाल्याचे दोन डॉलरही नाहीत, आणि कराचे ३.८२. म्हणजे पेनसिल्व्हेनिया सरकार, ज्याने आयुष्यात एक वेल छाटलेली नाही, ते शेतकऱ्याच्या जवळजवळ दुप्पट घेतं! डेलावेअरमध्ये तीच बाटली पाच डॉलरने स्वस्त, पण शेतकऱ्याचे तेवढेच, १.९४. मी एवढी वर्षं ज्या फरकामागे धावत होते, त्या फरकाचा त्याच्याशी काही संबंधच नव्हता.

मग मामाचा हिशोब. त्याला किलोला ४५ रुपये मिळत होते. बाटलीला सव्वा किलोच्या जरा कमी द्राक्ष लागतं, म्हणजे ५४-५५ रुपये. त्या वाईनरीची बाटली नाशकात ९०० ला. शंभरातले सहा. मॉन्टरेवाल्याला आमच्या इथे शंभरातले दहा.

हे सगळं मी मामासाठी किलोवर आणि रुपयांत करून दिलं, कारण त्यांचा टनही आपल्यापेक्षा लहान, ९०७ किलोचा. मॉन्टरे: किलोला १३० रुपये. फ्रेस्नो: ३३. मावसबहिणीने ते एका कागदावर नीट लिहून, त्याचा फोटो काढून पाठवला.

मामाचा फोन आला. पहिलं वाक्य, "म्हणजे मी त्या फ्रेस्नोवाल्याच्या वर आहे म्हण की!" मग म्हणाला, "आणि त्या १३० वाल्याचं पाणी किती, मजुरी किती, कर्ज किती, ते आहे का लिहिलेलं?" ते नव्हतं. "मग हा कागद मी दाखवतो, पण जपून दाखवतो. ते उलट फ्रेस्नोवरच बोट ठेवतील."

मामाने त्याच्या द्राक्षांची वाईन आजवर एकदाच चाखलीये. वाईनरीने शेतकऱ्यांना बोलावलं होतं तेव्हा. एक घोट घेतला, खोकल्याच्या औषधाकडे बघावं तसं पेल्याकडे बघितलं आणि म्हणाला, "एवढी चांगली शुगर भरली होती मी, गेली कुठे?" तिथला वाईनमेकर पोरगा त्याला समजावत बसला, की तीच तर साखर आंबवली काका, तिचीच ही झाली. मामाला ते पटल्याचं ऐकिवात नाही.

डिसेंबरात बैठक झाली. कागद त्याने दाखवला, फक्त वरची ओळ, खालची दुमडून. :-) कंपनीने आधी ४२ म्हटलं, म्हणजे आहे त्यापेक्षा कमी. दोन तास बोलणं झालं, मामीने तीनदा चहा केला, आणि ४८ वर तीन वर्षांसाठी ठरलं. दुमडलेल्या कागदाचा त्यात किती वाटा, मला सांगता येणार नाही. मामा म्हणतो चहाचा जास्त.

पुढची भिशी माझ्याकडे होती. सरकारी दुकानातून तीच शार्डोने आणली, १९.०७. मावसबहिणीने बिल बघून कपाळाला हात लावला आणि मग सगळ्याजणी मामाच्या बागेचं विचारत बसल्या. शेनिनचा तो एकर उभा आहे. शुगर बावीसला लागल्याशिवाय तोडायचं नाही असं कंपनीचं म्हणणं, आणि मामा रोज संध्याकाळी आभाळाकडे बघतोय.